मालवणच्या धक्क्यावरचं गाऱ्हाणं

नारळी पौर्णिमेला मालवणात पोचले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांच्या होड्या जात नाहीत. त्यामुळे कुरटे बेटावरचा, १६६४ साली पायाभरणी झालेला तो किल्ला किनाऱ्यावरूनच बघितला. दुपारचं जेवण बरं होतं, खोली दमट होती.

दुपार कलली तशी बंदराच्या धक्क्यावर गर्दी वाढली. खाजाची दुकानं, फुगे, पोरांची पळापळ. बायका नारळ लढवत होत्या. एकीने नारळ घट्ट धरायचा, दुसरीने त्यावर आपला आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. त्यांचा आरडाओरडा मला मनापासून आवडला.

मग मानाचा नारळ आला आणि गाऱ्हाणं, म्हणजे दर्याला घालायचं साकडं, सुरू झालं. नेमकं तेव्हाच मागच्या मांडवातल्या स्पीकरवर रिमिक्स गाणं लागलं. समोर एक म्हातारे गृहस्थ हात जोडून दर्याशी बोलत होते आणि त्यांचा एक शब्द आमच्यापर्यंत येत नव्हता. लोकांनी मोबाईल वर धरले होते. मला भयंकर राग आला.

शेजारी नऊवारीतली एक आजी उभी होती. तिने विचारलं, "तुका ऐकाक येता काय गो?"

"नाही हो आजी."

"माका पण नाय." एवढं बोलून ती त्या गृहस्थांच्या ओठांकडे बघत राहिली. ओठ थांबले की ही मोठ्याने म्हणायची, "व्हय म्हाराजा!" पुन्हा ओठ हलले, थांबले, पुन्हा "व्हय म्हाराजा!" जन्मभर ऐकलेलं गाऱ्हाणं, कुठे थांबायचं ते तिला पाठ होतं. तिच्या मागोमाग दोन बायका म्हणू लागल्या, मग पाच-सहा पुरुष, मग मीही. वादळवाऱ्यात होडी सुखरूप परत येऊ दे, जाळ्यात मासळी मिळू दे, एवढंच तर मागणं असतं ते. माझे डोळे भरून आले.

नारळ पाण्यात गेल्यावर आजीशी बोलले. घरात पिढ्यान् पिढ्या रापण. होडीने जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची. "पूर्वी रापण ओढूक आख्खो वाडो येय," ती म्हणाली. "आता रातीचे दिवे लावन मासो भायरच्या भायर नेतत." पर्ससीन, म्हणजे माशांचा थवाच्या थवा वेढून खालून आवळणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी आजीची तक्रार जिथल्या तिथे आहे. तिच्या हाताशी येणारी मासळी कमी होत असेल, तर मांडवातल्या कौतुकाच्या भाषणांनी तिचं काय भागणार?

पुढच्या वर्षी कुणी जाणार असाल तर मांडवापाशी थांबू नका, थेट धक्क्यावर पुढे जा. आणि मांडव घालणाऱ्यांना कळकळीची विनंती: उत्सव दर्याचा आहे. गाऱ्हाणं संपेपर्यंत तरी स्पीकर बंद ठेवा.