मज्जा म्हणे

"काकू, मज्जा होती की त्यांची!" माझ्या प्लेगवरच्या कादंबरीचं सातवं प्रकरण वाचून मुक्ता एवढंच म्हणाली आणि वही माझ्या मांडीवर टाकून खाली खेळायला पळाली.

मज्जा! साल १८९७, साताऱ्याजवळचं गाव. घरात उंदीर पडलाय, बाप पहाटेच्या अंधारात बैलगाडी भरतोय, आजी उंबरा सोडायला तयार नाही. शेवटी तिला बाजेसकट उचलून माळावर नेतात आणि तिथंच तिच्या काखेत गाठ येते. त्या आजीपायी मी किती रडले ते माझं मला ठाऊक. आणि या पोरीनं काय उचललं? शाळा बंद, माळावर खोपी, चांदण्यात आट्यापाट्या.

खरं सांगायचं तर तिनं रडायला हवं होतं मला. दोन थेंब तरी. नाहीतर लिहायचं कशाला? इथं कुणाला पडलंय म्हणा. दादाचा तो परवाचा फोन... जाऊ दे.

रँड, चाफेकर, २२ जून हे तिला शाळेतून पाठ आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या, हेही तिनंच मला ऐकवलं. खोपी तेवढ्या तिला नव्या होत्या. म्हणून डोळे चमकले असतील? की आजी नीट उतरलीच नाही? पुन्हा वाचली. उतरलीय. चांगली उतरलीय. मग?

माझ्या पुस्तकात कुणी पिसवांचं नाव काढत नाही. काढणार कसं? प्लेग पिसवांमुळं पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत शोधलं १८९८ साली, आणि त्यालाही पुढं कितीतरी वर्षं कुणी मानलं नाही. माझी माणसं हवेला आणि देवीला बोल लावतात. पण उंदीर पडले की घर सोडायचं, एवढं त्यांना कळलं होतं आणि ते बरोबरच होतं. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडं वळायच्या. माळावर गेलेली पोरं जगण्याची आशा जास्त. त्यांनी खेळायचं नाही तर काय करायचं?

तरी मज्जा हा शब्द टोचतोच.

रात्री आत्याला फोन लावला. तिनं आईकडनं ऐकलेलं. म्हणाली, "अगं, माळावर मधे भिंतीच नव्हत्या, त्यामुळं जावाजावांना एकमेकींविरुद्ध कुजबुजायची सोय नाही. आई म्हणायची, तेवढे महिने घरात भांडण झालं नाही." खूप हसली. मग म्हणाली, "त्याच साली आईचा धाकटा भाऊ गेला." आणि त्याच दमात, "गवार काय भावानं मिळाली गं तुला?"

मी भावही सांगितला. घासाघीस केली नाही म्हणून बोलणीही खाल्ली.

लॉकडाऊनमध्ये हीच मुक्ता गच्चीवर पतंग उडवत होती, आणि आम्ही खाली दार लावून... ते आज नको.

झोपायच्या आधी बाईसाहेब परत हजर. "काकू, तू आट्यापाट्यांतली मधली उभी सूरपाटी लिहिलीच नाहीयेस. असा खेळ होत नसतो." म्हणजे वाचलं नीट होतं तर! आजीबद्दल चकार शब्द नाही.

बरं बाई. आट्यापाट्यांचं पान वाढवते. आजीला बाजेवरून पंच करावं म्हणते. मरायच्या आधी तिनं एकदा तरी तिच्या थोरल्या नातवाला बाद द्यावं, फार शेफारलाय तो दुसऱ्या प्रकरणापासून.