आयुर्मानाची तुलना: घड्याळ कुठल्या वयापासून सुरू करायचं?

कोणत्या व्यवसायातले लोक जास्त जगतात हे ताडून पाहायला विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातून काढलेली व्यक्तींची यादी अखेर साफ झाली. तिथे प्रत्येक प्रकारच्या माहितीला क्रमांक असतो: पी१०६ म्हणजे व्यवसाय, पी५६९ जन्म, पी५७० मृत्यू. ज्यांचं फक्त जन्मवर्ष ठाऊक आहे त्यांची तारीख क्वेरीतून १ जानेवारी अशी येते, म्हणून तारखेच्या अचूकतेचा रकानाही सोबत घेतला.

१८५० ते १८९९ दरम्यान जन्मलेलेच ठेवलेत. अलीकडच्या पिढ्यांमधले फक्त लवकर गेलेले लोक यादीत येतात, बाकीचे अजून हयात आहेत. त्यामुळे प्रोग्रॅमरसारखा नवा व्यवसाय उगाच अल्पायुषी दिसतो.

आता खरा गुंता. न्यायाधीश आणि कवी यांच्या मृत्यूच्या वयांवर सरळ टी-चाचणी (दोन सरासऱ्यांमधला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणारी) लावली, तर न्यायाधीश दीर्घायुषी ठरणारच. पंचविशीत गेलेला कवी 'कवी' म्हणून नोंदला जातो; पंचविशीत गेलेला वकील न्यायाधीश होतच नाही. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८४३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. तरी २००१ मध्ये ऑस्कर विजेते त्याच चित्रपटांतल्या, नामांकनही न मिळालेल्या सहकलाकारांपेक्षा ३.९ वर्षं जास्त जगतात असा अभ्यास आला. २००६ मध्ये पुरस्काराआधीची वर्षं विजेत्यांच्या खात्यातून काढून पुन्हा गणित मांडलं, तेव्हा फरक साधारण एका वर्षावर आला आणि तोही सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. माझ्या मते या छंदात पडणाऱ्या प्रत्येकाने आधी हे प्रकरण समजून घ्यावं, चाचण्या नंतर.

म्हणून आता प्रत्येक न्यायाधीश पद मिळालं त्या वयाला गणतीत येतो. पदाची सुरुवात पी३९ (भूषवलेलं पद) खाली सापडते, पण सगळ्यांची नाही. कवीही त्या-त्या वयाला जे हयात होते तेवढेच समोर उभे राहतात. शून्य परिकल्पना, म्हणजे चाचणीत तपासायचं गृहीतक, अशी: त्या वयापासून पुढे दोन्ही गटांचा मृत्युदर सारखाच. चाचणी लॉग-रँक (दोन गटांतल्या मृत्यूंचा वेग ताडणारी), उशिरा प्रवेश धरून, म्हणजे माणूस गणतीत आला त्या वयापासूनच मोजून. जगण्याचे वक्र एकमेकांना छेदत असतील तर ती कमजोर पडते, तेव्हा कोणत्या वयाला गटातले किती जण हयात हे दाखवणारा कॅप्लान-मायर आलेख आधी डोळ्यांखालून घालायचाच.

पडताळा म्हणून, फरक योगायोगानेही एवढा येतो का ते पाहायला, व्यवसायाची लेबलं पत्त्यांसारखी, पण फक्त एकाच दशकात जन्मलेल्या, एकाच लिंगाच्या लोकांमध्ये पिसतोय. नाहीतर पिढीचा फरक व्यवसायाच्या नावावर खपतो.

दहा व्यवसाय म्हणजे ४५ जोड्या; इतक्या चाचण्यांत एखादा फरक निव्वळ योगायोगाने दिसू शकतो, म्हणून बॉनफेरोनीच्या दुरुस्तीने फरक खरा मानण्याचा उंबरठा ०.०५ वरून ०.००११ वर येतो. त्याच कामाची होल्मची पद्धत थोडी उदार, म्हणून तीच घेतली. जे कवीही आहेत आणि न्यायाधीशही, ते सध्या बाजूला ठेवलेत. पुढची पाळी त्यांची.