ठ चं पान

रविवार, रात्री उशिरा

माळा आवरायला चढले आणि दुपारभर तिथेच बसून राहिले. आईची वही सापडली. दोनशे पानी, शिवण उसवलेली. आत अक्षरवार हिंदी गाण्यांच्या पहिल्या ओळी. ‘ह’ची पानं पुरली नाहीत म्हणून वाण्याच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजू खळीने डकवल्यात. अर्धी गाणी ‘है’वर संपतात, तिचा तरी काय इलाज!

ही सगळी झीच्या अंताक्षरीची कृपा. वाहिनी सुरू झाली ऑक्टोबर १९९२ मध्ये आणि पुढच्याच वर्षी गजेंद्र सिंग यांनी हा कार्यक्रम आणला. दीवाने, परवाने, मस्ताने असे तीन संघ, आणि मधे अन्नू कपूर, स्वतःच अर्धी गाणी म्हणून टाकणारे. बरोबर सुरुवातीला दुर्गा जसराज होत्या, पुढे रेणुका शहाणे, पल्लवी जोशी. रेणुका दिसली की आई न चुकता म्हणायची, “सुरभीतली ना ही? आपलीच आहे.” जणू चुलत भाचीच.

आमच्याकडे केबल नव्हती. समोरच्या काकूंच्या खोलीत, दारात चपलांचा ढीग, आत पंधरा माणसं. भेंड्या आम्ही लहानपणापासून खेळत आलो होतो, पण आमच्या भेंड्यांना कायदा नव्हता. कडव्यापासून सुरुवात केली की भांडण, शब्द विसरला की “ला ला ला” करून पुढचं अक्षर पकडायचं, आणि भेंडी चढली की मोजणाराच पक्षपाती. टीव्हीवर मात्र सगळं नियमाने. वाद्यवृंदाने नुसती धून वाजवली तरी गाणं सांगायचं.

धून म्हणजे आईचं राज्य. दोन सूर वाजले की पोळी लाटता लाटता आलेली, हाताला पीठ तसंच, दारातूनच गाणं सांगून मोकळी. संघवाले अजून एकमेकांकडे बघतायत. काकू म्हणायच्या, “वहिनी, तुम्ही तिकडेच जा बघू.” आई लाजायची, पण पुढच्या वेळी पोळ्या आधी उरकलेल्या असायच्या.

मग भावाने आगाऊपणा केला. दूरदर्शनवर छायागीत, म्हणजे सिनेमातली गाणी, लागलं की आवाज शून्यावर आणायचा आणि आईला विचारायचं, सांग कुठलं गाणं. आईला एक सांगता येईना. नट कोण, नटी कोण, काहीच नाही. आम्ही खूप हसलो. ती पण हसली, मग म्हणाली, “मी कुठे बघितलेत रे सिनेमे? ऐकलेत फक्त.”

खरंच की. तिची सगळी गाणी रेडिओची. बुधवारी रात्री मामाच्या रेडिओला कान लावून बिनाका गीतमाला, अमीन सायानींचा तो आवाज. सिनेमाला जायला पैसे नव्हते आणि आजोबांची परवानगी तर त्याहून नव्हती. आता गंमत वाटते: गीतमाला एका टूथपेस्टची, अंताक्षरीच्या नावापुढेही टूथपेस्टच, क्लोजअप. एकीने तिला गाणी दिली, दुसरीने तीस वर्षांनी परीक्षा घेतली. दात मात्र ती कायम राखुंडीनेच घासायची.

त्या छायागीतानंतर वहीत एक नवा रकाना दिसतो. गाण्यापुढे बारीक अक्षरात सिनेमाचं नाव, नटाचं नाव. काही ठिकाणी खोडून दुरुस्त केलेलं. कुणाला विचारलं असेल? आम्हाला तर कधीच नाही. बहुतेक काकूंना.

‘ठ’चं पान जवळजवळ कोरं. ‘ठाडे रहियो’ – पाकीज़ा – मीनाकुमारी. खाली आणखी एकच ओळ, आणि तीही शाईने अधोरेखित, म्हणजे ठेवणीतली. प्रतिपक्षाने ठ दिला की काढायची.

‘ण’चं पान उघडलं. गाणं एकही नाही. वर नुसतं लिहिलंय: “ण आल्यास ‘न’ धरावा. भांडू नये.”