सोळा की सतरा? परभणीच्या रस्त्यांसाठी माझं उत्तर

माझ्या सेडानला मूळ टायर 185/65 आर15. अलॉय चाकं मोठी घ्यायची ठरल्यावर भाचा म्हणाला, "मामा, सतरा इंचीच घ्या, गाडी काय दिसंल!" दिसंल, खरंय. पण मी आधी वही काढली.

185 ही मिलिमीटरमधली रुंदी. तिचे 65 टक्के म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, साधारण 120 मिमी. वरच्या आणि खालच्या दोन्ही साइडवॉलच्या उंचीत रिमचे 15 इंच, म्हणजे 381 मिमी मिळवले की टायरचा व्यास येतो 621.5 मिमी. चाक कितीही मोठं घ्या, हा आकडा जवळपास तोच राहायला हवा. नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, टायर फेंडरच्या आतून घासू शकतो.

195/55 आर16 चा व्यास 620.9. जवळजवळ तंतोतंत! 205/45 आर17 चाही चालतो, 616.3. पण त्याची साइडवॉल उरते 92 मिमी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यावरचा डांबरी रस्ता लाटा घेतो. गंगाखेडकडं रात्री जाताना एखादा खड्डा दिसला नाही, तर एवढ्याशा रबरातून दणका थेट रिमला. मला ते अजिबात नको. घरची माणसं बसतात गाडीत.

म्हणून सोळा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मात्र बघा बरं का: मूळ टायरवर 88 होता, म्हणजे एका टायरला 560 किलो. 195/55 मध्ये 87 पण मिळतो, म्हणजे मूळपेक्षा कमी, आणि 91 पण. मी 91 मागवलाय. तो एक्स्ट्रा लोड प्रकारचा असल्यानं हवा थोडी जास्त लागते. टायर थंड असताना, सकाळीच भरायची.