घरात पुन्हा ट्रक

नव्या ट्रकचा फाळका पाडून दाखवला, हौदा दाखवला, आत बसून स्टिअरिंगही दाखवलं. व्हिडिओ कॉलवर आई बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणाली, "कित्याक रे ट्रक?" आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी विचारलं, "हप्तो कितलो?" मी विषय बदलला.

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली-सांखळीकडच्यांना हे प्रश्न समजावून सांगायला नकोत. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या तेव्हा मी दहावीला होतो. दिवसभर मांडवीवरच्या जेटीपर्यंत खेपा मारणारा बाबांचा टिपर अंगणात उभा राहिला. पुढच्या पावसात आईने लावलेली दोडक्याची वेल त्याच्या हौद्यावर चढली, तिला दोडकीही लागली. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. शेवटी टिपर मिळेल त्या भावाला गेला. 2018 च्या मार्चात खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा 'वेळेवर विकला' असं आई म्हणाली होती, आजही म्हणते.

आणि आता मी इथे अमेरिकेत, ओहायोत, ट्रक घेतला. फोर्ड मॅव्हरिक, हायब्रीड. इथल्या मानाने लहानच, हौदा साडेचार फुटांचा, भार साधारण 680 किलो, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीच्या जवळपास. पण पाच माणसं बसतात आणि धंद्याचं परमिट लागत नाही. शाळेतली शिक्षिकाही असली गाडी घेऊन कामाला जाते आणि तिला कोणी 'टेम्पोवाली' म्हणत नाही. हे मला मनापासून आवडलं. आमच्याकडे पिकअपवाल्याला लग्नाच्या मांडवात मागची खुर्ची मिळते, ते मी पाहिलेलं आहे.

आता ज्याचा संताप अजून उतरलेला नाही ते सांगतो. पहिल्या डीलरकडे काचेवर दोन कागद होते. एक कंपनीने छापलेल्या किमतीचा. त्याच्या शेजारी दुसरा, 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट', वर आणखी 4,000 डॉलर. कशाचे? कशाचेच नाहीत. मागणी आहे म्हणून. कंपनीची किंमत इथे नुसती सुचवलेली असते, डीलर स्वतंत्र धंदेवाला, तो वर हवं ते मागू शकतो आणि ते कायदेशीर आहे. आपल्याकडचा शोरूमवालाही विमा गळ्यात मारतो, 'हँडलिंग'चे पैसे लावतो, मान्य. पण छापील किमतीच्या शेजारी असा कागद चिकटवायची छाती मी गोव्यात कुणाची पाहिली नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची विकणारी बाईसुद्धा भाव चढा सांगते, पण घासाघीस करायला समोर तीच असते, आणि निघताना वर दोन मिरच्या जास्त घालते. इथे सेल्समन कॉफी देतो, हसतो, 'मॅनेजरला विचारून येतो' म्हणत तीनदा आत जातो आणि तीनदा तोच आकडा घेऊन बाहेर येतो. तो मॅनेजर मला शेवटपर्यंत दिसला नाही. मी उठलो. मग अकरा ठिकाणी फोन केले. तीन तासांवरच्या एका छोट्या गावात छापील किमतीला गाडी मिळाली, मित्राने तिथवर सोडलं.

या देशात लहान ट्रक इतके कमी का, हेही तेव्हाच शोधून काढलं. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला म्हणून 1964 पासून अमेरिकेने बाहेरच्या हलक्या ट्रकवर 25 टक्के आयातकर लावला. कोंबडीचं भांडण, भोगतोय ट्रक घेणारा.

जुनी मोटार का नाही घेतलीस, असं मावशीने विचारलं. गेल्या वर्षभरात सामान हलवायला तीनदा व्हॅन भाड्याने घेतली, हे तिला माहीत नाही. आणि चतुर्थीला आमच्या इथल्या मंडळाच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती, लाकडी चौकट आणायला कुणाच्या तरी गाडीसाठी हात जोडावे लागायचे. यंदा लाकूड माझ्याच हौद्यात घातलं. दुकानाच्या पार्किंगमध्ये दोरी काढली आणि बाबा ताडपत्री आवळताना मारायचे तीच गाठ मारली: आधी फास, दोरी त्यातून ओवून खाली ओढायची, मग दोन अढे. शेजारी पट्ट्यांशी झगडत असलेले एक आजोबा आले आणि म्हणाले, पुन्हा एकदा सावकाश करून दाखव. मी दोनदा करून दाखवली. कुणी शिकवलं विचारलं तेव्हा म्हटलं, माझे वडील ट्रक चालवायचे. हे वाक्य मी कॉलेजात असताना कधी इतक्या मोठ्याने म्हटलं नव्हतं.

हप्त्याचं म्हणाल तर अर्धी रक्कम रोख भरली आहे. उरलेली चार वर्षांत फिटेल, आणि उद्या नोकरी गेलीच तर गाडी विकून कर्ज सुटेल, असा हिशोब मी तीनदा मांडून पाहिला आहे. त्या कागदाचा फोटो बाबांना पाठवायचा आहे. अजून पाठवलेला नाही.