आडसाली उसातलं सेन्सरचं जाळं तोडीपर्यंत कसं टिकवायचं

वाळवा तालुक्यात जुलै-ऑगस्टात आडसालीची लागण झाली की तोड यायला १६ ते १८ महिने लागतात. मोठी बांधणी होऊन ऊस दाटला, की मधल्या सरीतल्या नोडची (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेल्या डबीची) बॅटरी बदलायला आत शिरणं नको वाटतं. पाल्यानं अंग चिरतं, आणि ऊस लोळला असेल तर वाटच राहत नाही. म्हणून ओलावा मोजणाऱ्या नोडचं जाळं आखताना पहिला हिशेब तोडीपर्यंतच्या बॅटरीचा.

रेडिओ बोलताना जेवढं खातो त्याहून थोडं जास्तच नुसता ऐकताना खातो. सीसी२४२० ही चिप पूर्ण ताकदीनं पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते, आणि कान देऊन बसली की १८.८. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले, क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर सतत ऐकणारा नोड साडेपाच दिवसांत संपतो. ऐकणं १ टक्क्यावर आणलं तर एकट्या रेडिओचा हिशेब दीड वर्षाचा होतो. तोही काठावरच, कारण सेन्सर आणि सेलची आपोआप होणारी झीज अजून यात धरलेली नाही.

प्रोजेक्टच्या अहवालांत हमखास दिसतो तो लीच प्रोटोकॉल, म्हणजे नोडनी डेटा पुढे कसा पाठवायचा याची एक नियमावली. हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी तो २००० साली मांडला. नोड आळीपाळीनं गटप्रमुख होतात, सगळ्यांचा डेटा एकत्र करून पुढे पाठवतात. कल्पना उत्तम आहे, पण १०० नोडसाठीचे ५ टक्के प्रमुख हे प्रमाण १२ नोडच्या रानात तसंच उचलू नका. पहिल्या फेरीत एकही प्रमुख न निघण्याची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे ५४ टक्के! शिवाय प्रमुखाचा आवाज थेट गेटवेपर्यंत (सगळ्या रानाचा डेटा गोळा करणाऱ्या मुख्य यंत्रापर्यंत) पोचतो हे तिथं गृहीत आहे. दाट उसात ते धरून चालत नाही.

मधे नोड घातला की वीज वाचतेच, असंही नाही. मधल्याला आधी ऐकावं लागतं, मग बोलावं लागतं. लीचच्याच मॉडेलमध्ये दर बिटला सर्किटचा खर्च ५० नॅनोज्यूल आणि अँप्लिफायरचा दर चौरस मीटरला १०० पिकोज्यूल आहे. त्या आकड्यांनी अंतर सुमारे ४५ मीटरच्या पुढे गेलं तरच मधला नोड परवडतो.

आमचं ठाम मत असं, की उसाच्या आतल्या नोडवर दुसऱ्याचं ओझं टाकूच नये. त्यानं अर्ध्या तासानं जागं व्हावं, आपलं पॅकेट द्यावं आणि झोपावं. पुढची ने-आण बांधावरच्या नोडनी करावी. १५ फुटी पाइप, वर अँटेना, छोटं सोलर पॅनेल, आणि गेटवे मोटारीच्या खोलीत. अँटेना शेंड्याच्या वर हवी, कारण पाल्यातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. ऑगस्टात मोकळ्या रानात नीट चाललेली जोडणी डिसेंबरात तुटते ती यामुळेच. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा पाल्यातून बराच बरा जातो.

बांधावर गेटवेलगतचा नोड सगळ्यांचं वाहून आधी थकतो. त्यामुळे पालक, म्हणजे ज्याच्यामार्फत डेटा पुढे जातो तो नोड, निवडताना जवळचा कोण एवढंच बघू नका. एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं तो आकडा, म्हणजे ईटीएक्स, आणि उरलेली बॅटरी, दोन्ही बघा. व्होल्टेज पाठवतानाच मोजा, विश्रांती घेतलेला सेल खोटं सांगतो. नवा पालक ईटीएक्समध्ये निदान १.५ नं सरस असेल तरच बदल करा, नाहीतर नोड दोघांत हेलपाटे घालत बसतो.

सगळ्यात मोठा घात पोरक्या नोडचा होतो. पालक गेला की तो रेडिओ उघडा ठेवून शोधत राहतो आणि आठवड्याच्या आत मरतो. शोधाला मर्यादा घाला. पालक अर्ध्या तासानं हाक देत असेल तर तेवढाच वेळ ऐकावं. त्याला ९.४ मिलिअँपिअर-तास लागतात. सापडला नाही तर ६ तास झोप, मग १२, मग २४. तोवरची रीडिंग नोडनं स्वतःजवळ साठवावीत आणि पालक मिळाला की एका पॅकेटात दहा-दहा करून द्यावीत. ८ बाइटची १० रीडिंग एका पॅकेटच्या १२७ बाइटच्या मर्यादेत सहज बसतात.