खाली उतरणारी रेषा

आमच्या अभ्यासाचा निष्कर्ष जवळपास लिहून झाला होता: माणसं इतरांच्या सोबतीत असतात तेव्हा त्यांची मनःस्थिती अधिक चांगली असते. सहभागींच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा छोटी प्रश्नावली जायची. आत्ता कोणासोबत आहात, कसं वाटतंय, थकवा किती आहे, वगैरे. काही आठवड्यांच्या या नोंदी एकत्र करून काढलेली रेषा व्यवस्थित वर चढत होती.

प्रत्येक सहभागीला आम्ही कबूल केलं होतं की, हवा असेल तर तुमचा स्वतःचा आलेख समजावून सांगू. त्या दिवशी एक बाई त्यासाठी येणार होत्या. मी फक्त त्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि रेषा आखली. ती खाली उतरत होती. भोवती जितकी जास्त माणसं, तितकी मनःस्थिती खालावलेली. आणि हे एखाद्या वाईट दिवसामुळे नव्हतं, आठवड्यामागून आठवडा तसंच.

सहकाऱ्याने पाहून लगेच सुचवलं, “आउटलायर आहे, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेली नोंद. गाळून टाक.” मला ते अजिबात पटलं नाही. त्यांचा एकही आकडा विचित्र नव्हता. त्यांची सरासरी मनःस्थितीही चारचौघांसारखीच होती. वेगळं होतं ते भोवतीची माणसं आणि मनःस्थिती या दोन आकड्यांमधलं नातं, आणि आम्ही अभ्यासत होतो ते नेमकं तेच.

बाई आल्या. मी आलेख समोर ठेवला आणि विचारलं, “तुम्हाला माणसांचा कंटाळा येतो का?”

“छे, मला माणसं लागतात,” त्या म्हणाल्या. “पण मला एका कानाने ऐकू येत नाही. एकाशी बोलताना काही वाटत नाही. चारजण एकदम बोलायला लागले की कोण काय म्हणालं ते जुळवण्यातच जीव दमतो. मग मी नुसती हसत बसते.”

मी परत नोंदी उघडल्या. एकाच व्यक्तीसोबत असतानाच्या वेळा वेगळ्या केल्या, तर तिथे त्यांची मनःस्थिती उत्तम होती. घट होती ती फक्त घोळक्यात, आणि तिथेच थकव्याचा आकडाही वर गेलेला. आमच्या प्रश्नावलीत ऐकण्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. हजार माणसांचा डेटा गोळा केला असता तरी ही गोष्ट त्यातून बाहेर आली नसती.

त्या गेल्यावर सहकाऱ्याशी बराच वेळ वाद झाला. त्याचं म्हणणं, एका माणसावरून विज्ञान होत नाही. वाद जुना आहे. 1894 मध्ये विंडेलबांट या जर्मन तत्त्वज्ञाने नियम शोधणारी नोमोथेटिक आणि एकमेव गोष्टीचं वर्णन करणारी इडिओग्राफिक अशी ज्ञानाची दोन रूपं सांगितली. पुढे गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती जोडी व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणली. पण एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रसिद्ध केलेले स्मृतीचे प्रयोग एकट्या स्वतःवरच केले होते, आणि शिकलेलं काळाबरोबर कसं विसरलं जातं हे दाखवणारा त्यांचा विस्मरणाचा वक्र आपण आजही शिकवतो. 1953 च्या मेंदू शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणाऱ्या एच. एम. या एका रुग्णाने स्मृतीचं शास्त्र बदलून टाकलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मानसशास्त्रातल्या संशोधनपद्धतींचे अभ्यासक पीटर मोलेनार यांचा 2004 मधला गणिती मुद्दा. अनेकांच्या माहितीतून दिसलेलं नातं प्रत्येकाच्या आतही तसंच असेल, याची हमी मिळायला सगळ्यांच्या मनाची चाल सारखी हवी आणि ती काळानुसार बदलताही कामा नये. शिकणारी, वाढणारी, आजारी पडून बरी होणारी माणसं या अटीत कशी बसणार? तरीही आपण समूहाचा निष्कर्ष काढतो आणि समुपदेशनाला आलेल्या एकट्या माणसाला तो सांगतो: लोकांत मिसळा, बरं वाटेल. या बाईंना कोणी तसं सांगितलं असतं, तर त्या अजून एका गोंगाटात जाऊन बसल्या असत्या.

संध्याकाळी मी प्रत्येक सहभागीची रेषा वेगवेगळी आखली. बऱ्याच वर जात होत्या, काही सपाट होत्या, आणि खाली जाणारी ती एकटीच नव्हती. खरं तर आमचं बहुस्तरीय प्रारूप, म्हणजे सगळ्यांची सरासरी आणि माणसामाणसांतला फरक दोन्ही एकत्र मोजणारी सांख्यिकी पद्धत, हा फरक पहिल्यापासून सांगत होतं. उतार माणसागणिक किती बदलतो, त्याची एक ओळ निकालाच्या तक्त्यात असतेच. निबंधात तिला सहसा जागा मिळत नाही.

नियम मी टाकून दिला नाही. बहुतेकांसाठी तो खरा आहे. अहवालात आता सरासरीच्या जाड रेषेखाली सगळ्यांच्या बारीक रेषा छापल्या आहेत. सहकाऱ्याची त्याला हरकत नव्हती, फक्त आकृती गिचमीड दिसते अशी तक्रार होती. पुढच्या प्रश्नावलीत “आत्ता ऐकायला किती कष्ट पडत आहेत?” हा प्रश्न आला आहे. त्याची शब्दरचना आम्ही त्या बाईंनाच विचारून ठरवली. ऐकण्याची अडचण असलेल्या इतरांच्या नोंदी येऊ लागतील तेव्हा आधी एकेकाची रेषा काढायची, मग एकत्र करायचं, असं ठरलं आहे.